थांब्यावरच्या गाण्याचं शेवटचं कडवं

आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर ‘नको ते’ नावाचा एक फोल्डर आहे. गाणं रेकॉर्ड करताना जे जे नको असताना रेकॉर्ड होतं, म्हणजे खोकला, शिंक, खालच्या दुकानातलं भांडण, ‘माझी चप्पल कुठे गेली’, ते कापून तिथे टाकायचं आणि महिनाअखेर डिलीट करायचं, असं आमच्या मालकांनी, मजीदभाईंनी, मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चार वर्षं झाली. मी एकही फाइल डिलीट केलेली नाही. उद्या कुणी येऊन ‘ती माझी शिंक द्या’ म्हणालं तर? आजवर कुणी म्हणालेलं नाही, पण म्हणून म्हणणारच नाही असं थोडंच आहे.

तर झालंय काय, की किस्से साठत गेलेत. जिथे सगळ्यांनी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं, नेमकं तिथेच माणसांना बोलायचं सुचतं. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, “स्नेहल, ते सांग ना.” ते म्हणजे कुठलं, हे विचारावं लागत नाही. सगळे किस्से फिरून त्या एका गाण्यापाशीच येतात.

*

आधी जागा सांगते. रत्नागिरीत मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जाळी आणि दोरखंडांचं एक दुकान आहे, त्याच्या वर आमचा स्टुडिओ. मजीदभाई तरुणपणी कुवेतला एसी दुरुस्त करायचे. परत येताना बाकीच्यांनी घड्याळं आणली, सेंटच्या बाटल्या आणल्या. यांनी दोन कॅसेटींचा भलामोठा टेपरेकॉर्डर आणला. घरचे महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते म्हणे. त्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी आधी कॅसेटींचं दुकान काढलं आणि मग हा स्टुडिओ. भजनं, नमनं, लग्नातली गाणी, आणि सगळ्यात जास्त जाखडी. जाखडी म्हणजे आमच्याकडचा गणपतीतला नाच. मध्ये ढोलकी आणि गाणारा शाहीर, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे गडी.

मी आयटीची डिग्री घेऊन इथे लागले. पहिल्याच आठवड्यात एक भजनी मंडळ आलं. दार लावलं, दिवा लाल झाला, सगळं शांत. मी त्यांच्याच खोलीत, कानाला हेडफोन लावून आवाज हळूहळू वाढवत होते. तेवढ्यात कुणीतरी झांज मारली.

मी किंचाळले. साधी नाही, चांगली लांब. मंडळी भक्तिभावात इतकी बुडाली होती की कुणी थांबलं नाही आणि ती किंचाळी गजराच्या बरोबर मध्यावर जाऊन बसली. मी रडकुंडीला येऊन मंडळाच्या प्रमुखांची माफी मागितली, म्हटलं, कापून टाकते. त्यांनी डोळे मिटून ते परत ऐकलं आणि म्हणाले, “राहू दे. कुणाला तरी दर्शन झालंय.”

*

आता गाणं. ते तुम्ही ऐकलंच असेल, कारण ते न ऐकता राहणं गेल्या दोन वर्षांत शक्यच नव्हतं.

*थांब्यावर ये, पन हाक मारू नको,*
*मी उतरेन गाडीतनं, तू वळखू नको.*

मुंबईच्या एका मुलीने हे नुसत्या गिटारवर म्हटलं. तिच्या मामाच्या जुन्या ट्रंकेत म्हणे एक कॅसेट सापडली होती, त्यावरून ती शिकली. आम्ही स्टुडिओत तिला गिटारवाली म्हणतो. आवाज असा, की वाटतं आत्ता ही रडेल, आणि ती रडत नाही, म्हणून आपण रडतो. रिक्षात तेच, रिंगटोनला तेच, लग्नाच्या व्हिडिओत तेच. माझ्या मावसबहिणीचं तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी आठ दिवस बिनसलं होतं, तेव्हा तिने स्टेटसला हेच ठेवलं होतं. खाली लिहिलेलं असायचं: ‘पारंपरिक कोकणी विरहगीत’.

विरहगीत यासाठी, की गाण्यातला माणूस मुंबईहून गावी येतो, बायकोला सांगतो की चारचौघांत माझ्याकडे बघू नको, दुसरीकडे बघ, सामानाकडे बघ. आणि गाणं तिथेच संपतं. ती त्याच्याकडे बघतच नाही. मीसुद्धा एकदा लांज्याच्या स्टँडवर बसची वाट बघत हे ऐकून रडले होते. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं आणि विचारलं, “कोन गेलं गो?”

मग एक दिवस दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. मी नेहमीप्रमाणे दचकले. दारात एक म्हातारे गृहस्थ. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, खांद्याला कापडी पिशवी. माझ्याकडे न बघता त्यांनी आतल्या मजीदभाईंना विचारलं, “मी मेलो कवा, तेवढं सांग.”

मजीदभाई खुर्चीतून उठलेच. “बुवा, बसा. काय झालं?”

“लांज्यात दाढी करायला बसलो होतो. न्हाव्याच्या मोबाइलवर माजं गानं. मी सांगितलं, बाबा, हे माजं हाय. तर तो मना त्यावर लिहिलेलं दाखवतो, पारंपरिक. म्हणतो, आजोबा, पारंपरिक म्हंजे लिहिणारा कोन ते ठाव नसतं, मरून लय वर्सं झालेली असतात. अर्धी दाढी झाली होती म्हणून गप बसलो.”

हे भिकाजीबुवा. लांज्याच्या आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे कातळवाडी आहे, तिथले शाहीर. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्या मागोमाग जिना चढून एक बारीकशा काकी आल्या, सुभद्राकाकी, त्यांच्या पत्नी. त्या धापा टाकत स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “पानी दे गो बाय. अर्धी दाढी घेऊनच घरी आले होते.”

*

गाणं कसं झालं, ते दोघांनी मिळून सांगितलं. म्हणजे बुवा सांगत होते आणि काकी दुरुस्त करत होत्या.

नवीन लग्न झालेलं. बुवा मुंबईला एका खानावळीत कामाला. गणपतीला गावी येणार, तर थांब्यावर न्यायला कोण कोण आलेलं: वडील, दोन काका, आत्या, वाडीतली चार माणसं आणि सगळ्यांच्या मागे पदर घेतलेली बायको. मोठ्या माणसांसमोर नवऱ्याकडे बघायची सोय नव्हती, बोलायची तर नव्हतीच. म्हणून बुवांनी मुंबईत भांडी घासता घासता गाणं केलं. सगळ्यांसमोर तिला सांगायचं ते गाण्यातून सांगितलं.

*ट्रंकेत हाय तुजा चुडा नवा,*
*लोकांना वाटू दे, खाऊचा मेवा.*

“किती गोड,” मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

“गोड काय?” काकी म्हणाल्या. “ट्रंक कोनाच्या डोक्यावर होती, ते नाय लिहिलं गान्यात.”

बुवांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “आनि ही मुंबईची पोर रडते कशाला? विरह कसला? आमी दोघं चालत घरी गेलो. वाटेत ही माज्याशी भांडली पन.”

“चुडा दोन नंबर लहान आनला होता,” काकी म्हणाल्या.

मी विचारलं, मग गाणं असं अर्धवट का संपतं? तेव्हा बुवांनी मला शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. बसून, काठीवर ताल धरून.

*गाडी गेली, धूळ बसली, आता बघ माज्याकडं,*
*भिकाजी म्हणे, कातळवाडी राह्यली थोडी पुढं.*

आमच्या इथल्या शाहिरांची रीतच आहे ती. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव आणि गाव गुंफायचं. त्याशिवाय गाणं पुरं झालं असं मानत नाहीत, फेर धरणारे पायातले चाळ सोडत नाहीत. बुवा म्हणाले, “शेवटचं कडवं म्हंजे गान्याचा सातबारा. तेच कुनी फाडून नेलान.”

अख्ख्या महाराष्ट्राने दोन वर्षं ज्या बाईसाठी अश्रू ढाळले, तिने त्याच दिवशी नवऱ्याकडे बघितलं होतं. फक्त ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

*

कुणी फाडलं, ते मजीदभाईंना माहीत होतं. त्यांनी मला चहा आणायला पाठवलं आणि चहा आल्यावर म्हणाले, “मीच.”

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मजीदभाईंचं दुकान नवं नवं होतं. भिंतींना गोधड्या टांगून ते गाणी भरायचे. बुवा आपलं गाणं भरायला रत्नागिरीला आले, पण गणपतीत रोज कार्यक्रम करून आवाज पार बसलेला. तोंडातून हवा फक्त. काकी सोबत आल्या होत्या त्या सुकी मासळी घ्यायला.

मजीदभाईंची आणि त्यांची ती पहिलीच भेट. टेप तयार, माणूस मुका. त्यांनी सहज काकींना विचारलं, “वहिनी, तुम्हाला येतं का हे गाणं?”

“येतं म्हंजे? माज्यावरच हाय.”

मग मांडीवर बोंबलांची पिशवी घेऊन काकी गायल्या. मजीदभाई म्हणतात, तसा आवाज त्यांनी पुन्हा ऐकला नाही. पाच कडवी झाली आणि काकी थांबल्या. मजीदभाईंनी बघितलं, तर कोपऱ्यात बुवा दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवतायत, तोंड उघडं, आवाज नाही.

“मला वाटलं, खूश झाले,” मजीदभाई म्हणाले. “मी पण हात हलवला. आणि स्टॉप दाबला.”

कॅसेटीवर कागद लावायचा होता. गीत कोणाचं लिहू, असं त्यांनी काकींना विचारलं. काकी लाजून म्हणाल्या, “घरातलंच हाय.” मजीदभाईंनी लिहिलं: पारंपरिक.

बुवांचा आवाज परत यायला आठ दिवस लागले. तोवर कॅसेटी एसटीतून सावर्ड्याच्या बाजारापर्यंत पोचल्या होत्या. बुवा ओरडत आले, मजीदभाई म्हणाले, दुसऱ्या खेपेला सुधारतो. दुसरी खेप निघालीच नाही.

“पण काकी, तुम्ही थांबलात का?” मी विचारलं.

काकींनी माझ्याकडे असं बघितलं, की ही एवढी शिकलेली मुलगी आणि हिला एवढंही कळू नये. “त्यात ह्येंचं नाव हाय.”

काकींनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानात सुद्धा त्या कार्ड पुढे करून बोट ठेवतात. भातलावणीच्या वेळी वाडीतल्या सगळ्या बायका हे गाणं त्यांच्याकडूनच शिकल्या, त्याही पाच कडवीच. कातळवाडीच्या अर्ध्या बायकांना अजून माहीत नाही की गाण्याला सहावं कडवं आहे.

*

मजीदभाईंनी मला कामाला लावलं. गिटारवालीच्या कंपनीला मेल करायचा. मेल मी चौदा वेळा वाचला आणि ‘सेंड’ दाबल्यावर लॅपटॉप बंद करून ठेवला, जणू उत्तर त्यातून उडी मारून बाहेर येणार होतं.

उत्तर चांगलं आलं, हीच पंचाईत. लिहिलं होतं, नाव द्यायला आमची अजिबात हरकत नाही, उलट आनंद आहे. पण आजवर आणखी तिघांनी हे गाणं आपलं असल्याचं कळवलंय आणि प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचं शेवटचं कडवं आहे. कॅसेटमध्ये ज्या बाई गायल्यात, त्यांच्याच आवाजात नावाचं कडवं मिळालं, तर मात्र आम्ही लगेच मान्य करू.

त्या तिघांतले एक सावर्ड्याचे. त्यांना कुठूनसं कळलं की रत्नागिरीत काहीतरी चाललंय, तर ते थेट आमच्याकडे हजर. दार न वाजवता आत आले, माझ्या हातातला चहा कीबोर्डवर. म्हणाले, “ते गाणं आमच्या घराण्यातलं. शेवटचं कडवं माझ्याकडे आहे, भरून घ्या.”

मजीदभाईंनी शांतपणे माइक दिला. गृहस्थ गायला लागले. त्यांचं नाव लक्ष्मीनारायण. कडव्यात ‘भिकाजी’च्या जागेवर ते ‘लक्ष्मीनारायण’ बसवायचा प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वेळी ढोलकी त्यांच्या आधी घरी पोचत होती. चार वेळा झालं. शेवटी त्यांनी ‘लक्ष्मी’ एका मात्रेत गिळून बघितलं आणि त्यांना ठसका लागला.

मजीदभाईंनी त्यांना पाणी दिलं, पाठ थोपटली आणि म्हणाले, “साहेब, तुमचं नाव मोठं आहे. हे गाणं लहान माणसाचं. दुसरं बघा.”

ती फाइलही आहे माझ्याकडे. ठसक्यासकट.

*

मग काकींना गायला बसवायचे प्रयत्न सुरू झाले. गायला त्या केव्हाही तयार. पाच कडवी अशी म्हणायच्या, की मला हेडफोन काढून डोळे पुसावे लागायचे. सहावं आलं की एकेक तऱ्हा.

पहिल्यांदा म्हणाल्या, “आमचे हे म्हणे, कातळवाडी राह्यली थोडी पुढं.”

“काकी, ‘आमचे हे’ सगळ्यांचेच असतात,” मी म्हटलं. “कंपनीला कसं कळणार?”

दुसऱ्यांदा नावाच्या जागेवर खोकल्या. तिसऱ्यांदा नावाच्या जागेवर थांबून त्यांनी काचेपलीकडे बसलेल्या बुवांकडे बोट केलं. मी म्हटलं, हे रेकॉर्डिंग आहे, व्हिडिओ नाही. त्या म्हणाल्या, “मंग व्हिडिओ काढ.”

मजीदभाई म्हणाले, “वहिनी, उखाणा समजा. उखाण्यात घेतातच ना नाव?”

“तो लग्नात घेतला एकदा. तवा मी सोळाची होते आनि ह्ये धडधाकट होते.”

म्हणजे काय, ते मला जाताना जिन्यात कळलं. बुवा पुढे गेले होते. काकींनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, “नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं गो. तुमी शिकलेली मानसं, तुमाला नाय पटायचं. पन मागच्या साली ह्ये आठ दिवस दवाखान्यात होते, छातीला वायरी लावलेल्या. डॉक्टरनी पेशंटचं नाव विचारलं, तर मी तवा पन नाय घेतलं. शेजारच्या पेशंटच्या बायकोला सांगायला लावलं. आनि वाचले ना? आता गान्यासाठी घेऊ?”

मी स्वतः परीक्षेला डाव्या पायात आधी चप्पल घालून जायची. मी कुणाला काय सांगणार.

बुवांना मात्र बायकोचं कारण पाठ होतं. खालून ओरडले, “माजं आयुष्य राह्यलंय किती, आनि त्यातलं कमी होऊन होणार किती? नाव मात्र राहील ना मागे.”

“बगा, तोंडाला काय येतं ते,” काकी म्हणाल्या आणि त्या दिवशी दोघं एकमेकांशी न बोलता लांज्याच्या गाडीत बसली.

*

इथे माझं शिक्षण आडवं आलं.

मला वाटलं, नाव म्हणजे शेवटी आवाजाचे तीन तुकडेच. मी काकींना पुढच्या वेळी माइकसमोर बसवून गप्पा मारल्या. भाकरीचं पीठ कसं भिजवता, काजू कधी भाजता, फोडणीत जिरं कधी घालता. काकी भरभरून बोलल्या. मग अख्खी दुपार बसून मी ‘भिजवते’मधला भि कापला, ‘काजू’मधला का कापला, ‘जिरं’मधला जि कापून थोडा लांबवला आणि तिन्ही चिकटवून कडव्यात बसवले. मध्येच मला भीती वाटली की हा गुन्हा असेल. मी मोबाइलवर शोधून बघितलं आणि जे वाचलं त्याने भीती आणखी वाढली. पण तोवर काम झालं होतं.

सगळ्यांना बोलावून ऐकवलं. पाच कडवी काकींची, मध गळावा तशी. सहाव्यात ‘धूळ बसली’ झालं आणि मग एकदम आवाज आला: “भि. का. जीऽ.”

मजीदभाईंनी डोक्याला हात लावला. बुवा म्हणाले, “कोकणकन्या कितव्या फलाटावर लागतेय?”

काकी मात्र गंभीर झाल्या. मान पुढे करून त्यांनी स्पीकरकडे रोखून बघितलं. “ही कोन बाय?” त्या म्हणाल्या. “आनि माज्या नवऱ्याचं नाव घेते कशाला?”

मी ते डिलीट करणार होते. पण मी काय डिलीट करते.

*

आता तुम्ही गाणं लावलंत, तर खाली ‘पारंपरिक’ दिसणार नाही. ‘गीत: शाहीर भिकाजी, कातळवाडी’ असं आहे. गिटारवालीने सहा कडव्यांचं नवं गाणं केलं आणि ते आता कुणी विरहाच्या स्टेटसला ठेवत नाही. माझ्या मावसबहिणीची तक्रार आहे की गाणं बिघडवलं. लांज्याच्या न्हाव्याने दुकानात बुवांचा फोटो लावलाय, त्यात त्यांची दाढी पूर्ण झालेली आहे.

हे झालं कसं, ते शेवटी सांगते.

आम्ही नाद सोडला होता. मजीदभाई कंपनीला तसं कळवणार होते. एका मंगळवारी बुवांची डॉक्टरांकडे तपासणी होती, म्हणून दोघं रत्नागिरीत आलेली. दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यात काठी वाजली, पण पुढे काकी होत्या आणि काठी त्यांच्या हातात होती. बुवा मागून कठडा धरून येत होते.

“काय झालं?” मजीदभाईंनी विचारलं. “डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टर ठीक म्हणाले,” बुवा म्हणाले. “रिक्षावाला चुकीचं बोलला.”

रिक्षात हेच गाणं लागलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून बघत सांगितलं, ऐका आजी, जुनं गाणं आहे, आपल्याच बाजूचं. काकींनी विचारलं, कोनी लिहिलंय रे? तो म्हणाला, ते कुणाला माहीत, लिहिणारा केव्हाच मेला असेल. बुवा हसले. काकींनी रिक्षा तिथेच थांबवली आणि उरलेली वाट दोघं उन्हातून चालत आली.

काकींनी काठी कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या आणि आतल्या खोलीत जाऊन माइकसमोर बसल्या. “लाव गो,” मला म्हणाल्या. मी दार लावलं, दिवा लाल केला. बुवा आणि मजीदभाई काचेच्या पलीकडे. मी आतच राहिले, कारण काकींनी माझा हात धरून ठेवला होता.

पाच कडवी झाली. त्या थांबल्या. एसीचा आवाज येत होता, खाली कुणीतरी दोरखंड ओढत होतं. मग त्यांनी डोळे मिटले.

*गाडी गेली, धूळ बसली, आता बघ माज्याकडं,*
*भिकाजी म्हणे...*

नाव आलं तशी मी दचकले. स्पष्ट, मोठं, ढोलकीच्या बरोबर तालावर. माझा हात त्यांनी इतका दाबला की नंतर बोटांचे वळ दिसत होते. कडवं संपलं. त्यांनी एक डोळा उघडून काचेकडे बघितलं. बुवा खुर्चीत सरळ बसलेले होते. श्वास चालू होता. मजीदभाईंनी अंगठा दाखवला.

“झालं काकी,” मी म्हटलं. “एकदम छान.”

“नाय,” काकी म्हणाल्या. “आवाज थरथरला. परत.”

परत घेतलं. मग ‘कातळवाडी’ला श्वास पुरला नाही म्हणून परत. मग चौथ्यांदा, मग पाचव्यांदा, आणि आता त्यांना फक्त शेवटचंच कडवं म्हणायचं होतं. नाव दर वेळी वेगळ्या तऱ्हेने येत होतं. कधी थांबून, कधी लांबवून, एकदा तर हसूनच. मी मोजत होते. नववा टेक झाला तेव्हा बुवांना राहवलं नाही. ते काठी विसरून उठले, दोन्ही हात वर करून हलवत दारापाशी आले आणि लाल दिवा असताना दार उघडून ओरडले, “अगो, पुरे कर. माजं सगळं आयुष्य आजच संपवशील.”

काकी माइकसमोरून हलल्या नाहीत. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

“भिकाजी,” त्या म्हणाल्या, “गप बस.”

आणि मग मला: “लाव गो बाय. आता कुठं गळा लागलाय.”